ऐकलेले वचन कृतीत उतरावे म्हणून : लहान मुलांच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी मार्गदर्शन

संडे स्कूलमध्ये, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, दोन-तीन वर्षे नियमित येणाऱ्या मुलाला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे इतर जण टाळून गेले तेव्हा वाटेतल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची येशूने सांगितलेली गोष्ट, बहुधा शिक्षकापेक्षाही वेगाने सांगता येते. लुटारू, याजक, लेवी (मंदिरातला सेवक), जखमी माणूस, उतारशाळा हे सारे त्याच्या जिभेवर असते. वर्ग सुटताना दारातल्या गर्दीत एखादे लहानगे पडले, तर मात्र हेच मूल त्याला ओलांडून निघून जाते आणि नुकत्याच ऐकलेल्या गोष्टीचा या पडलेल्या मुलाशी काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. यात मुलाचा दोष थोडा आणि पाठाच्या रचनेचा दोष अधिक असतो. गोष्ट, गाणे, वचनाचे पाठांतर आणि रंगकाम यांतच वेळ संपतो, आणि ‘मग आता आपण काय करणार?’ हा प्रश्न अगदी शेवटी, उत्तराची वाट न पाहता, उरकून टाकला जातो.

हा लेख साधारणपणे चार ते दहा वर्षांच्या मुलांना घरी किंवा मंडळीत शिकवणाऱ्यांसाठी आहे. त्यामागची भूमिका एकच आहे : मुलाने स्वतः निवडलेली एक लहानशी, खरी कृती हा पाठाचाच अर्धा भाग आहे, आणि पुढच्या भेटीत तिची विचारपूस होईपर्यंत पाठ पूर्ण झाला असे समजू नये.

पहिली पायरी : कृपा आधी, कृती मागून

पाठाची तयारी करण्यापूर्वी शिक्षकाने हा क्रम स्वतःच्या मनात पक्का करून घ्यावा, कारण येथे झालेली गफलत पुढे वर्षानुवर्षे पुसली जात नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते, ते कृत्यांचे फळ नाही. आणि लगेच पुढच्याच वाक्यात तो सांगतो की देवाने आपल्याला सत्कृत्यांसाठी निर्माण केले आहे. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दुसऱ्या बाजूने तेच मांडतो : उघड्या आणि उपाशी भावाबहिणीला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव आहे. मोठ्यांना ही दोन्ही वचने एकत्र धरता येतात. लहान मूल मात्र त्यातून सोपा निष्कर्ष काढते, तो म्हणजे ‘मी चांगला वागलो तर देव माझ्यावर प्रेम करील.’ आपण ‘असे केलेस तर येशूला तू आवडणार नाहीस’ असे एकदा जरी म्हटले, तरी त्या चुकीच्या निष्कर्षावर शिक्कामोर्तब होते.

हा क्रम समजावण्यासाठी मला जक्कय या जकातदाराच्या गोष्टीइतकी उपयोगी गोष्ट दुसरी दिसत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू झाडाखाली थांबतो, जक्कयाला नावाने हाक मारतो आणि ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ असे सांगतो. तोपर्यंत जक्कयाने एक पैही परत केलेली नसते. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे तो नंतर बोलतो. गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना विचारावे, ‘जक्कयाने पैसे परत केले म्हणून येशू त्याच्याकडे गेला, की येशू त्याच्याकडे आला म्हणून त्याने पैसे परत केले?’ सहा-सात वर्षांची मुले यावर चांगली हुज्जत घालतात, आणि ती घालू द्यावी. उत्तर आपण देण्यापेक्षा त्यांनी गोष्ट पुन्हा आठवून शोधलेले अधिक टिकते.

दुसरी पायरी : वय पाहून अपेक्षा ठरवणे

चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘सेवा’, ‘करुणा’, ‘आज्ञापालन’ हे शब्द म्हणता येतात, पण ते त्याच्या हाताला लागत नाहीत. त्याला दिसणारी, लगेच करता येणारी आणि काही मिनिटांत संपणारी कृती हवी : पाणी नेऊन देणे, खेळणी उचलून ठेवणे, रडणाऱ्या मुलाजवळ जाऊन बसणे. या वयाची मुले हेतूपेक्षा झालेले नुकसान पाहून न्याय करतात, असे ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये मांडले होते. ज्याच्याकडून नकळत अनेक पेले फुटले तो मुलगा, चोरून खाताना एकच पेला फोडणाऱ्यापेक्षा अधिक वाईट, असे लहान मुलांना वाटे. शिक्षकाला यातून एक व्यावहारिक गोष्ट घेता येते. मदत करायला गेलेल्या मुलाकडून काही सांडले किंवा मोडले, तर त्याला मनातून आपण वाईट वागल्यासारखे वाटते, म्हणून मोठ्यांनी त्या क्षणी त्याच्या हेतूची दखल मोठ्याने, इतरांना ऐकू जाईल अशी घ्यावी आणि सांडलेले त्याच्यासोबत पुसावे.

सात-आठ वर्षांपासून मुलाला दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करणे जमू लागते आणि आठवडाभर चालणारे एखादे काम त्याला लक्षात ठेवता येते. नऊ-दहाव्या वर्षी ते ‘हे न्याय्य आहे का?’ असे विचारू लागते. त्या प्रश्नाला उद्धटपणा समजू नये. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या संदेष्ट्यांची पुस्तके मुलांसमोर उघडण्याची हीच वेळ असते.

तिसरी पायरी : गोष्टीतले एकच क्रियापद निवडणे

पाठाची तयारी करताना गोष्टीचे तात्पर्य काय, असा प्रश्न स्वतःला विचारण्याऐवजी या गोष्टीत कोणी काय केले, असा प्रश्न विचारावा आणि त्यातले एकच क्रियापद वहीत लिहून ठेवावे. योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातल्या मुलाने पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या दिल्या. नामान या कुष्ठरोगी सेनापतीच्या घरच्या दासी मुलीने बरे होण्याचा मार्ग सांगितला, तोही ज्यांनी तिला पकडून नेले होते त्यांना. निर्गम या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मोशेच्या बहिणीने लव्हाळ्यांत ठेवलेल्या बाळावर दुरून नजर ठेवली आणि नेमक्या वेळी पुढे होऊन धीटपणे बोलली. यापो येथील टबीथाने विधवांसाठी कपडे शिवले, आणि ती मेल्यावर त्या बायकांनी पेत्राला ते कपडेच रडत रडत दाखवले. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातल्या चौघांनी पक्षाघाती माणसाला उचलले, आणि दारातून वाट मिळेना तेव्हा छत उघडले.

यांतल्या तीन गोष्टींत कृती करणारे स्वतः मूल आहे किंवा वयाने लहान आहे. पाठ्यक्रमात अशा गोष्टी आवर्जून वाढवाव्यात, कारण नेहमी मोठ्यांचे पराक्रम ऐकणाऱ्या मुलाला विश्वासाने वागणे ही मोठेपणी करायची गोष्ट वाटू लागते. पाच हजारांना जेवू घालण्याचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे, परंतु त्या मुलाचा उल्लेख एकटा योहान करतो. त्याच प्रसंगात अंद्रिया जे म्हणतो ते शिक्षकाने स्वतःसाठी अधोरेखित करून ठेवावे : एवढ्या लोकांना हे कसे पुरणार? मुलाने देऊ केलेल्या मदतीला मोठ्यांकडून नेमके हेच उत्तर बहुतेक वेळा मिळते.

चौथी पायरी : पाठ प्रत्यक्ष घेणे

पाऊण तासाचा वर्ग आहे असे धरून चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर पाठ कसा घेता येईल, ते येथे थोडे तपशीलाने पाहू.

पहिली दहा मिनिटे मागच्या आठवड्याच्या कृतीसाठी राखून ठेवावीत. हा भाग शेवटी ठेवला तर तो हमखास गळतो, म्हणून तो आरंभीच घ्यावा. पुढची बारा-पंधरा मिनिटे गोष्टीची. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातून ती वाचून किंवा सांगून झाली की मुलांना शोमरोन्याने केलेल्या गोष्टी बोटांवर मोजायला सांगाव्यात. त्याने पाहिले, त्याला कळवळा आला, तो जवळ गेला, त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन नाणी दिली, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे वचन दिले. दोन्ही हातांची बोटे भरतात. याजक आणि लेवी यांनीही त्या माणसाला पाहिले होते, ही गोष्ट मुलांच्या नजरेत आणून द्यावी. म्हणजे फरक पाहण्यात नव्हता, पाहिल्यानंतर पावले कोणत्या बाजूला वळली यात होता.

त्यानंतर दहा मिनिटे गोष्ट करून पाहावी. येथे एक अडचण नेहमी येते : सर्व मुलांना लुटारू व्हायचे असते आणि नाटिकेचा सगळा वेळ मारामारीत जातो. म्हणून लुटारूंचा प्रवेश शिक्षकाने शब्दांत सांगून मोकळे व्हावे आणि नाटिका ‘माणूस रस्त्यावर पडला आहे’ येथून सुरू करावी. प्रत्येक मुलाला एकदा तरी जखमी माणूस होऊ द्यावे, कारण खाली पडून जवळून जाणारी पावले पाहिल्याशिवाय या दाखल्याचा निम्मा अर्थ कळत नाही. खेळ संपल्यावर पडलेल्या मुलाला विचारावे, ‘तो निघून गेला तेव्हा तुला काय वाटले?’ आणि इतरांना उत्तर देऊ देऊ नये.

उरलेला वेळ कृती ठरवण्याचा. येशूने हा दाखला ‘तू जा आणि तसेच कर’ या आज्ञेवर संपवला आहे, त्यामुळे पाठही तेथेच पोहोचला पाहिजे. प्रार्थना अगदी लहान, मुलांच्याच शब्दांत, आणि ठरवलेल्या कृतीचे नाव घेऊन व्हावी.

पाचवी पायरी : मुलाने कृती निवडणे

‘या आठवड्यात सर्वांशी प्रेमाने वागा’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. प्रत्येक मुलाकडून तीन उत्तरे घ्यावीत : कोणासाठी, काय आणि केव्हा. ‘मी आजीला मदत करीन’ हे अपुरे उत्तर आहे; ‘आजी संध्याकाळी औषध घेते तेव्हा मी तिला पाणी नेऊन देईन’ हे पुरे आहे. ज्याला लिहिता येते त्याने ते चिठ्ठीवर लिहावे, ज्याला येत नाही त्याने चित्र काढावे.

निवडलेली कृती योग्य आहे की नाही, हे पाहताना शिक्षकाने काही गोष्टी तपासाव्यात. मुलाला ती मोठ्यांच्या पैशाशिवाय आणि बहुतांशी मोठ्यांच्या मदतीशिवाय करता यावी. ज्याच्यासाठी ती करायची त्याला तिची खरोखर गरज असावी. कोणालाही नको असलेले शुभेच्छापत्र बनवणे हे हस्तकलेचे काम झाले, सेवेचे नव्हे. आणि तिच्यात मुलाचे काहीतरी खर्ची पडावे, मग तो खेळाचा वेळ असो, पुढे बसण्याची जागा असो वा पहिला नंबर असो. या शेवटच्या कसोटीला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो, तरी तिचे प्रमाण वयाला झेपेल इतकेच असावे. आपले आवडते खेळणे देऊन टाकण्याचा उत्साह पाच वर्षांच्या मुलाला वर्गात येतो आणि घरी पोहोचेपर्यंत ओसरतो. अशा वेळी ‘देण्याऐवजी एक दिवस खेळायला दिलेस तर?’ असे सुचवणे शहाणपणाचे ठरते.

मुलाला काहीच सुचत नसेल तर तयार यादी पुढे करण्याऐवजी प्रश्न विचारावेत. तुझ्या घरात सर्वांत जास्त थकलेले कोण असते? शाळेत एकटे कोण बसते? मागच्या आठवड्यात कोण रडले? बहुतेक मुलांना उत्तर ठाऊक असते, फक्त त्यांना ते कोणी विचारलेले नसते.

वर्गातली सर्व मुले देणारीच आहेत, असे मात्र कधीही गृहीत धरू नये. काहींच्या घरी चणचण असते, काही मुले स्वतःच इतरांच्या मदतीवर वाढत असतात. ‘गरिबांसाठी आपण काय आणणार?’ असा प्रश्न त्यांच्यासमोर विचारणे निष्ठुरपणाचे आहे. वस्तू आणि पैसे यांवर आधारलेल्या कृती कमी ठेवून वेळ, सोबत, श्रम आणि शब्द यांवर आधारलेल्या कृती वाढवल्या, तर हा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

घाई हा मोठा अडथळा

जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक संडे स्कूल शिक्षकाला माहीत असावा. प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन लहानसे भाषण करायला सांगण्यात आले. काहींचा विषय चांगल्या शोमरोन्याचा दाखला हाच होता. वाटेत एक माणूस दारापाशी वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. दाखल्यावर बोलायला निघालेल्यांनी इतरांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक मदत केली, असे आढळले नाही. फरक पडला तो घाईने : ज्यांच्याकडे पुरेसा वेळ होता त्यांतील 63 टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांतील 45 टक्के, आणि उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांतील केवळ 10 टक्के.

मुलांच्या बाबतीत घाई मोठ्यांच्या हातात असते. शाळा, शिकवणी, छंदवर्ग आणि त्यांच्यामधली धावपळ यांत मूल वाटेत कोणासाठी थांबले, तर त्याला ‘चल लवकर’ हेच ऐकू येते. म्हणून पालकांना पाठाबद्दल सांगताना एवढी विनंती जरूर करावी की आठवड्यातून एखाद्या दिवशी तरी पाच-दहा मिनिटे आधी निघावे, म्हणजे मुलाला थांबायला जागा राहील. अडखळत, हळूहळू केलेली मदत पूर्ण होऊ देणे हीदेखील पालकाचीच कृती आहे.

सहावी पायरी : घराला सोबत घेणे

बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याचा जो मार्ग सांगितला आहे, त्यात वर्ग नाही. घरी बसणे, वाटेने चालणे, निजणे आणि उठणे आहे. आठवड्यातला एक तास घराची जागा घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये. पालकांना लांबलचक सूचनापत्र पाठवण्यापेक्षा दोन ओळींचा निरोप पुरतो : या आठवड्यात आपण कोणती गोष्ट ऐकली, आणि तुमच्या मुलाने काय करायचे ठरवले आहे. त्यासोबत एकच विनंती असावी की आठवण एकदाच करावी आणि कृती स्वतः करून टाकू नये.

घरी मोठ्यांनी आपलीही एक कृती ठरवली तर मुलावरचे ओझे हलके होते. वडिलांनी जेवताना ‘शेजारच्या काकांशी मी तुटकपणे बोललो होतो, आज जाऊन त्यांची माफी मागितली’ असे साधेपणाने सांगितले, तर त्या एका वाक्याने होणारे काम पाठांतराच्या अनेक वचनांनीही होत नाही. मात्र हे दिखाव्यासाठी असेल तर मुलांना ते तत्काळ कळते.

सातवी पायरी : पुढच्या आठवड्यात विचारणे

येथे शिक्षकाचा स्वर फार महत्त्वाचा असतो. ‘कोणी कोणी केले? हात वर करा’ असे विचारले की न केलेली मुलेही हात वर करतात आणि आपण त्यांना खोटे बोलायला शिकवून बसतो. त्याऐवजी ‘काय झाले?’ असे विचारावे. या प्रश्नाला ‘विसरलो’, ‘लाज वाटली’, ‘तिला मदत नको होती’ अशी सर्व खरी उत्तरे देता येतात. जे विसरले त्यांना तीच कृती पुन्हा निवडण्याची मुभा द्यावी. ज्याने केले त्याला ‘समोरच्याचा चेहरा कसा झाला?’ असे विचारावे, म्हणजे लक्ष स्वतःच्या चांगुलपणावरून त्या माणसाकडे वळते. मुलांची आपसांत तुलना करू नये, आणि भिंतीवर नावांपुढे खुणा करण्याचा तक्ता तर लावूच नये.

बक्षिसांविषयी माझे मत काहींना कठोर वाटेल. वचन पाठ केल्याबद्दल चित्राचे स्टिकर देण्याला माझी हरकत नाही, परंतु दयेच्या कृतीला बक्षीस लावू नये. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या 1973 च्या अभ्यासात, ज्या बालवाडीतल्या मुलांना मुळातच चित्रे काढायला आवडत होते त्यांतील काहींना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले गेले. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांची चित्रे काढण्याची आवड घटली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची घटली नाही. मदत करण्याबाबतही 2008 मध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांना असेच दिसले : मदतीबद्दल वस्तू मिळालेल्या वीस महिन्यांच्या बाळांनी नंतर इतरांपेक्षा कमी मदत केली. येशूने मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नये असे सांगितले आहे. वर्षातून काही आठवडे ‘गुपित कृती’ची योजना करावी, ज्यात काय केले हे कोणालाच सांगायचे नाही. मुलांना गुपिते आवडतातच, आणि त्या आठवड्यांत पहिल्या दहा मिनिटांत फक्त प्रार्थना करावी. मनापासून, अनपेक्षितपणे म्हटलेल्या ‘तुझ्यामुळे तिला बरे वाटले’ या वाक्याला मात्र कोणतीही बंदी नाही.

क्षमा मागणे आणि क्षमा करणे

सर्व कृतींत ही सर्वांत अवघड आहे, म्हणून ती वर्षाच्या उत्तरार्धात घ्यावी. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. उपासनेतही समेटासाठी थांबायचे असते, हे मुलांना यातून दिसते. जबरदस्तीने वदवलेले ‘सॉरी’ निरुपयोगी असते. मुलाला चार पावले शिकवावीत : मी काय केले ते सांगणे, त्यामुळे तुला काय झाले असेल ते सांगणे, माफी मागणे, आणि भरपाईसाठी काय करू असे विचारणे. जक्कयाचे चौपट येथे पुन्हा उपयोगी पडते. मुलाचा राग शांत होईपर्यंत थांबावे. त्याच दिवशी व्हायलाच हवे असे नाही.

क्षमा करण्याविषयी शिकवताना एक गोष्ट प्रत्येक वेळी, स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. कोणी मारले, नको तसा स्पर्श केला, धमकावले किंवा गुपित ठेवायला लावून त्रास दिला, तर क्षमा करणे म्हणजे गप्प राहणे नव्हे. विश्वासातल्या मोठ्या माणसाला ताबडतोब सांगणे हेच बरोबर आहे, मग त्रास देणारी व्यक्ती घरातली असो, शिक्षक असो वा पाळक असो. वर उल्लेखिलेल्या ‘गुपित कृती’च्या आठवड्यांत तर हे आवर्जून सांगावे : आपण केलेले चांगले काम गुप्त ठेवता येते, दुसऱ्याने दिलेला त्रास गुप्त ठेवायचा नसतो.

पैसा आणि अर्पण

आईवडिलांनी दिलेले नाणे आईवडिलांच्याच सांगण्यावरून पेटीत टाकताना मूल देत काहीच नसते, ते फक्त नाणे वाहून नेते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातल्या विधवेने दोन अगदी लहान नाणी टाकली, पण ती तिची होती. मुलाला थोडे पैसे स्वतःचे म्हणून मिळत असतील तर त्यातून किती द्यायचे हे त्याने ठरवावे, आणि ‘काही नाही’ हे उत्तरही एखाद्या वेळी स्वीकारावे. पैसे कोठे गेले, कशासाठी वापरले गेले, हे मुलांना नंतर सांगण्याची शिस्त मंडळीने ठेवावी.

सर्वांनी मिळून करायची सेवा

संडे स्कूल ही गोष्टच मुळात एका कृतीतून वाढली. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे वृत्तपत्र चालवणाऱ्या रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये, आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना रविवारी वाचायला शिकवण्यासाठी वर्ग सुरू केला. म्हणून वर्गाने वर्षातून दोन-तीन वेळा एकत्र बाहेर पडणे यात नवल काही नाही. परंतु अशा भेटी प्रमाणातच असाव्यात, कारण त्या सोहळ्यासारख्या वाटतात आणि घरातली भांडी घासण्यासारख्या कामांपेक्षा अधिक आकर्षक असतात.

वृद्धांना किंवा आजाऱ्यांना भेटायला जायचे असेल तर आधी त्यांना विचारावे, भेट लहान ठेवावी, आणि मुलांनी काहीतरी सादर करण्याऐवजी काहीतरी विचारावे अशी तयारी करून घ्यावी : तुम्ही लहान असताना काय खेळत होता, तुम्हाला कोणते गीत आवडते. घेणाऱ्याचा मान राखणे हाच या भेटीचा पाठ आहे. छायाचित्रे काढून सर्वांना पाठवणे टाळावे. पालकांची परवानगी घ्यावी, मुलांबरोबर नेहमी किमान दोन जबाबदार मोठी माणसे असावीत, आणि कोणतेही मूल कोणा एका मोठ्या माणसाबरोबर एकटे राहू नये.

मुले विचारतील ते प्रश्न

‘मी मदत केली, पण ती थँक यू सुद्धा म्हणाली नाही’ ही तक्रार लवकरच येते. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत आला, तोही शोमरोनी, ही लूककृत शुभवर्तमानातली गोष्ट त्या वेळी सांगावी. येशूने उरलेल्या नऊ जणांविषयी विचारले, म्हणजे त्यालाही ते जाणवले. तरी त्यांचे बरे होणे त्याने काढून घेतले नाही. ‘जो मला त्रास देतो त्यालाही मदत करायची का?’ याला घाईने ‘हो’ म्हणू नये. आधी त्रास थांबला पाहिजे आणि मोठ्यांना कळला पाहिजे, त्यानंतर त्याच्यासाठी प्रार्थना करण्यापासून सुरुवात करता येते. ‘मी प्रार्थना केली, मग आणखी काही करायला हवे का?’ असे विचारणाऱ्या मुलाला छत उघडणाऱ्या चौघांची आठवण द्यावी आणि कधी कधी केवळ प्रार्थनाच आपल्या हातात असते, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

‘मी नाही केले तर देव माझ्यावर रागावेल का?’ हा प्रश्न आला, तर समजावे की पहिल्या पायरीवर पुन्हा काम करायचे आहे. त्या दिवशीची ठरलेली कृती बाजूला ठेवावी, कोणतेही काम देऊ नये, आणि जक्कयाची गोष्ट झाडाखालच्या हाकेपर्यंतच सांगून वर्ग सोडावा.